पैसा सरकारचा, लगाम कोणाच्या हाती?

2009 साली ब्रिटनच्या लेखापरीक्षकांनी तिथल्या 'समानता आणि मानवी हक्क आयोगा'च्या पहिल्याच ताळेबंदावर प्रतिकूल शेरा मारला. 1976 च्या कायद्याने उभा राहिलेला वांशिक समानता आयोग 2007 मध्ये गुंडाळला गेला आणि स्त्रियांच्या व अपंगांच्या हक्कांसाठीच्या आयोगांसह या नव्या आयोगात विलीन झाला. त्या वेळी भरपाई घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी सात जणांना नव्या आयोगाने पुन्हा कामावर घेतले. अर्थखात्याची मंजुरी न घेताच त्यांच्यावर तीन लाख पौंडांहून अधिक खर्च झाला.

भेदभावाशी लढणाऱ्या संस्थेचा हिशेब मागणे म्हणजे तिच्या हेतूवर संशय घेणे, असे मानणारी भली माणसे सगळीकडे असतात. त्यांनी हा शेरा जरूर वाचावा. मात्र हे लेखापरीक्षक संसदेला उत्तरदायी आहेत, मंत्र्यांना नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

कारण हिशेब तपासणे वेगळे आणि दाणापाणी तोडणे वेगळे. आयोग सुरू झाला तेव्हा त्याचा वार्षिक निधी 7 कोटी पौंड होता. पुढे तो जेमतेम 1 कोटी 70 लाखांवर आला. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व असे सगळे विषय एकाच छपराखाली आणायचे आणि मग छपरच उतरवायचे, असा हा प्रकार. अध्यक्ष आणि सदस्य नेमतात मंत्री, निधी ठरवते सरकार, आणि आयोगाने चौकशी करायची त्याच सरकारच्या खात्यांची!

तरीही या आयोगाने मान तुकवली नाही, अशी उदाहरणे आहेत. कॅरिबियन बेटांतून कायदेशीरपणे येऊन ब्रिटनमध्ये आयुष्य घालवलेल्या 'विंडरश' पिढीला कागदपत्रांअभावी बेकायदा ठरवले गेले. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर काढले गेले. हा घोटाळा 2018 मध्ये गाजला. गृहखात्याने समानतेच्या कायद्याने घातलेले कर्तव्य पाळले नाही, असा निष्कर्ष आयोगाने 2020 च्या नोव्हेंबरमध्ये काढला. उशिरा का होईना, पण काढला.

जातीच्या प्रश्नात मात्र आयोगाचे काही चालले नाही. ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यावर जातीचा समावेश वंशभेदाच्या व्याख्येत करण्याचे बंधन संसदेने 2013 मध्ये सरकारवर घातले. सरकारच्याच सांगण्यावरून आयोगाने अभ्यास करून घेतला, तो 2014 मध्ये प्रसिद्धही झाला. 2018 मध्ये सरकारने हात झटकले: कायद्यात बदल नको, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. आयोगाने नाराजी नोंदवली. त्यापलीकडे तो करणार काय?

वेगळी वाट शोधायला फार लांब जायला नको. स्कॉटलंडचा मानवी हक्क आयोग तिथल्या संसदेला उत्तरदायी आहे. सदस्य निवडण्याचे आणि निधी देण्याचे कामही संसदेकडेच आहे. लंडनने ही घडी उचलावी. हिशेब मागायचा तो संसदेने, चारचौघांत. मंत्र्यांनी निधीच्या किल्ल्या आणि नेमणुकीचे कागद खाली ठेवावेत.

ते लवकर होईल अशी चिन्हे नाहीत. 2025 मध्ये संसदेच्या दोन समित्यांनी आयोगाच्या नव्या अध्यक्षांच्या नावाला पाठिंबा द्यायला नकार दिला. मंत्र्यांनी नेमणूक केलीच.