चोर मोकळा, खातेदार आरोपी!

जन्मभराची पुंजी एका रात्रीत लुटली गेलेला निवृत्त शिक्षक बँकेच्या काउंटरपुढे उभा राहतो आणि त्याला ऐकवले जाते काय? ‘आजोबा, लिंक तुम्हीच दाबलीत ना? मग आम्ही काय करणार?’ हा शुद्ध निर्लज्जपणा आहे!

त्याला आलेली मेल पाहा. वर बँकेचा हुबेहूब लोगो. खाली मजकूर: ‘प्रिय ग्राहक, आपले केवायसी अपूर्ण आहे. आज रात्री बारापर्यंत अपडेट न केल्यास खाते गोठवले जाईल.’ ज्या खात्यात पेन्शन येते तेच बंद पडणार म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? चोराला हवी असते ती हीच घाई. खातेदाराला नावानिशी ओळखणारी बँक ‘प्रिय ग्राहक’ कशाला म्हणेल, हे सुचायलाही तो उसंत देत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेचे नाव दिसते, पण ते पुढे लावलेली शोभा असते. ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा पत्ता शेवटाकडून वाचावा, म्हणजे खरा मालक कळतो, तिथे भलतेच नाव असते. हे किती बँकांनी खातेदाराला समोर बसवून शिकवले?

उलट ‘प्री-अप्रूव्ह्ड लोन, येथे क्लिक करा’ अशा मेलांचा रतीब बँकांनीच घातला. क्लिक करण्याची सवय तुम्ही लावायची आणि खापर मात्र खातेदाराच्या माथी फोडायचे? फक्त बँकांनाच मिळणारा ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता यायला २०२५ साल उजाडावे लागले, तेही रिझर्व्ह बँकेने बडगा उगारला तेव्हा. आता मेलही त्याच पत्त्यावरून पाठवा आणि तिच्यात एकही लिंक ठेवू नका!

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने स्पष्ट सांगितले: खातेदाराची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पासवर्ड त्याने स्वतः दिला असला, तरी बँकेकडे तक्रार नोंदवल्यानंतर जाणारा प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. ‘ओटीपी सांगू नका’चे फलक मिरवणाऱ्या शाखांना ही वाक्ये तेवढ्याच ठळक अक्षरांत लावताना हात का आखडतो?

खातेदारांनो, पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० क्रमांक फिरवा, बँकेला कळवून खाते रोखा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या. आणि ‘चूक तुमचीच’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याकडे तेच वाक्य बँकेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा.