ठसका आणि सांधे

2021 च्या एप्रिलमध्ये सारा देश प्राणवायूच्या सिलिंडरमागे धावत होता, तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर गाजलं. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी आदल्या वर्षीच, कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्रकल्प उभारायला घेतले होते. या दूरदृष्टीचा जिल्ह्याला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण ज्या हवेतून तो प्राणवायू काढला, ती हवा एरवी कशी असते, हे विचारायचं मात्र राहून गेलं. यंदाच्या अंकाची सुरुवात त्याच प्रश्नाने करतो आहे.

सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या आपल्याला प्रदूषण म्हटलं की सुरत आठवते, मुंबई आठवते. सरकारचंही तसंच. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात खानदेशातून जळगावचं नाव आहे, नंदुरबारचं नाही. ती यादी शहरांची. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरची चूल तिच्यात येणार तरी कुठून?

त्या चुलीपाशी एकदा बसून पाहावं. कुडाच्या भिंती, खाली उतरलेलं छप्पर, धुराला वाट म्हणावी तर कौलांच्या फटी. पावसाळा सरता सरता लाकूड अजून दमट असतं, ते पेट घेत नाही, नुसतं धुमसतं. बाई फुंकणीने जाळ काढते, पदराने डोळे पुसते, भाकरी थापते, आणि मांडीवर तान्हं मूल असतं. किर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून हा धूर मोजला. प्रदूषण म्हणजे कारखाना आणि मोटार, अशीच तेव्हा समजूत होती. खेड्यातली चूलही त्याच तोलाची निघाली.

चुलीच्या धुराने खोकला होतो, दमा लागतो, डोळे जातात, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. गेल्या वीसेक वर्षांत वैद्यकशास्त्र पुढचं सांगू लागलं आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे पहाऱ्यावर असलेल्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडतात, दाह पेटवतात, कुमक मागवतात. या धामधुमीत शरीराची काही प्रथिनं रूप बदलतात. बदललेलं आपलंच प्रथिन पहारेकऱ्यांना परकं वाटू लागतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. अनुवंशाने ज्यांचा कल तसा असतो, त्यांच्यात धोका जास्त. सिगारेटचा धूर आणि आमवात, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो स्वयंप्रतिकार आजार, यांचं नातं याच वाटेने उलगडलं. सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधी ही प्रतिपिंडं रक्तात सापडतात. दुखणं बोटांत दिसतं, पण त्याची सुरुवात छातीत झालेली असू शकते.

इटलीतल्या व्हेरोना विद्यापीठाच्या संशोधकांनी 81,363 लोकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे बारीक कणांचं प्रमाण दीर्घकाळ घनमीटरला 20 मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं, तिथे स्वयंप्रतिकार आजारांचा धोका सुमारे 13 टक्क्यांनी जास्त आढळला. हा संबंध आहे, अजून अंतिम पुरावा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भारतात कायद्याने चालणारी वार्षिक मर्यादाच 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 म्हणते.

धूर बाजूला ठेवून धुळीकडे वळलं, तर पुरावा अधिक भक्कम आहे, आणि तो आपल्या वेशीवरच आहे. आपल्या अक्राणी तालुक्यातून खाली उतरलं की नर्मदा, आणि पलीकडच्या तीरावर मध्य प्रदेशातलं अलीराजपूर. तिथल्या भिल-भिलालांशी आपल्याकडच्यांची सोयरीक. अलीराजपूर-झाबुआकडचे हे लोक पोटासाठी गुजरातेत गोध्रा-बालासिनोरच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले. पांढरी पूड उडायची, तोंडाला फार तर फडकं. काही महिने काम करून परतलेली धट्टीकट्टी पोरं धापा टाकू लागली, खंगली आणि गेली. रोगाचं नाव सिलिकोसिस. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2016 च्या मे महिन्यात 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला झाला.

ही धूळ फुफ्फुस तर बुजवतेच, पण शरीराला शरीराविरुद्ध उठवतेही. पहारेकरी पेशी सिलिकाचा, म्हणजे गारगोटीच्या पुडीचा, कण गिळते, मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. हे वर्षानुवर्षं चालतं. एडिनबरोच्या बायरम ब्रॅमवेल यांनी 1914 मध्येच पाथरवटांत कातडी ताठ होत जाणारा स्क्लेरोडर्मा नोंदवला होता. 1953 मध्ये कॅप्लान यांनी वेल्सच्या कोळसा खाणकामगारांतला आमवात दाखवला, 1957 मध्ये इरॅस्मस यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतला स्क्लेरोडर्मा. शंभर वर्षांपासून हे ज्ञान पुस्तकांत आहे. खडी क्रशरवर राबणाऱ्या आपल्या माणसापर्यंत ते आलेलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

कापडाच्या धुळीचंही तेच. मलेशियातल्या एका अभ्यासात कापड गिरण्यांतल्या धुळीशी संबंध आलेल्या स्त्रियांत आमवाताचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला. सुरतेच्या यंत्रमागांवर खानदेशची किती घरं पोसली जातात, हे या अंकाच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

आणि आपली मिरची. आता दिवाळीपासून पुढे नंदुरबार शहराबाहेरच्या वाळवणाच्या पथाऱ्या लाल होतील. बायका दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडतील. बोटांची आग, नाकातोंडात खकाणा, ठसक्यावर ठसका. मिरचीने आमवात होतो असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की पहाटे चूल, दिवसभर पथारी, संध्याकाळी पुन्हा चूल आणि वाटेत कुणी पेटवलेलं उसाचं पाचट, हे सारं एकाच छातीत जातं, आणि ती छाती बहुतेक बाईची असते. आमवाताचे रुग्णही पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट, ल्यूपस या दुसऱ्या स्वयंप्रतिकार आजाराच्या तर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया. या दोन गोष्टी शेजारी ठेवून आपल्या जिल्ह्यात कुणीतरी पाहायला हवं.

ते पाहता येतं. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन 4,092 प्रौढांना सांध्यांबद्दल विचारलं आणि हजारी सुमारे पाच जणांना आमवात असल्याचं दाखवून दिलं. भिगवणला झालं ते मोलगीला का होऊ नये? आशाताई घरोघरी जातातच. त्यांच्या वहीत सांध्यांचा एक प्रश्न वाढवा. निवडक स्वयंपाकघरांत, पथाऱ्यांवर आणि क्रशरपाशी वर्षभर हवा मोजा. क्रशरवर पाण्याचा फवारा सक्तीचा करा, पथारीवरच्या बायकांना चांगले मास्क मालकाने द्यावेत. उज्ज्वला योजनेचं गॅस सिलिंडर घरात आलं, पण ते पुन्हा भरणं परवडत नाही म्हणून कोपऱ्यात उभं असेल, तर अनुदानाचं गणित बदला. पाचट पेटवण्याऐवजी कुट्टी करून शेतात कुजवणारे शेतकरी शहाद्याकडे आहेत, त्यांचं ऐका.

दिवाळीबद्दलही एक. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 2016 मध्ये फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत घातक निघाली ती चिमुकली नागगोळी: घनमीटरला 64,500 मायक्रोग्रॅमपर्यंत बारीक कण. ती जळताना लहान मुलंच वाकून पाहतात. यंदा ती आणू नका.

आणि घरातल्या आई, मावशी, वहिनीला या सणात एवढं विचारा: सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का, मोकळी व्हायला तासभर लागतो का, दोन्ही हातांचे सांधे सुजतात का? सहा आठवड्यांच्या वर असं चाललं असेल, तर बाम चोळत थांबू नका, वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासून घ्या, गरज पडली तर सुरतची गाडी धरा. आमवातावरचं मुख्य औषध, मेथोट्रेक्सेट, स्वस्त आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. पहिल्या काही महिन्यांत सुरू झालं, तर सांधे वाकडे होण्यापासून बरेचदा वाचतात.