बांबूच्या ऑर्गनचा धडा

मनिलाच्या दक्षिणेला असलेल्या लास पिन्यास शहरात सेंट जोसेफचे जुने चर्च आहे. तिथला पाइप ऑर्गन जगात प्रसिद्ध आहे तो बांबूमुळे. त्याच्या १०३१ नळ्यांपैकी तब्बल ९०२ बांबूच्या आहेत.

संगीत नाटकांमुळे ऑर्गन मराठी माणसाला परका नाही. पण नाटकातला ऑर्गन पायपेटीच्या कुळातला. त्यात हवेने धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा थेट उभ्या नळ्यांत शिरते. नळी जितकी लांब, तितका सूर खर्जातला.

डिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ मध्ये हे काम हाती घेतले. कापलेला बांबू कीड लागू नये म्हणून त्याने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला. पुढे ट्रम्पेटसारखा खणखणीत आवाज काही बांबूतून साधेना, तेव्हा त्या १२९ नळ्या त्याने धातूच्या बसवल्या. १८२४ मध्ये ऑर्गन पूर्ण झाला.

मग भूकंप आले, वादळे आली, छत गळू लागले. ऑर्गन कधी अर्धामुर्धा वाजे, कधी मुका होई. अखेर १९७३ मध्ये तो सुटा करून दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावा लागला. जर्मनीतल्या बॉन येथील क्लाइस या नामांकित कारखान्यात त्याची जुळणी झाली आणि १९७५ मध्ये तो घरी परतला.

एवढ्यावर सगळे थांबले असते, तर चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली असती. लास पिन्यासने ती चूक केली नाही. १९७६ पासून तिथे दरवर्षी बांबू ऑर्गन महोत्सव भरतो, त्यामुळे वाद्य वाजते राहिले. स्थानिक कारागिराने ऑस्ट्रिया आणि जर्मनीत ऑर्गनबांधणीचे शिक्षण घेतले. १९९४ मध्ये लास पिन्यासमध्येच कार्यशाळा उभी राहिली, तीही सेराच्याच नावाने. मनिलाचे सॅन ऑगस्टिन चर्च आणि बोहोल बेटावरचे बाक्लायोन येथील जुने ऑर्गन याच कार्यशाळेने पुन्हा बोलते केले. ‘राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा’ हा दर्जा बांबूच्या ऑर्गनला २००३ मध्ये मिळाला. खरे काम त्याआधीच झाले होते.

आपल्याकडे वारसा जपण्याची गोष्ट निघाली की इमारतीची रंगरंगोटी, कोनशिला आणि उद्घाटन एवढ्यातच निधी संपतो. वाद्याला तेवढे पुरत नाही. त्याला सूर जुळवणारा हात लागतो, आणि तो हात हजारो मैलांवर असेल तर पहिल्याच बिघाडाला वाद्यावर आच्छादन पडते. म्हणून जुन्या वाद्यांच्या दुरुस्तीसाठी पैसा देणाऱ्या संस्थांनी, सरकारनेही, एक अट घालावी: दुरुस्ती चालू असताना गावातली निदान दोन मुले त्या कारागिराच्या हाताखाली शिकली पाहिजेत.