सारथ्याच्या हाती लगाम नाही

वाफसा निघून गेल्यावर आणलेले बियाणे कोणत्या कामाचे, हे करवीर इलाख्यातील शेतकऱ्यास आम्ही शिकवावे असे नाही. जमीन तीच, बैल तेच, राबणारे हातही तेच. पण वेळ टळली की पोते घरात पडून किडते. आमच्या लेकरांनी संशोधन करावे म्हणून सरकार जो पैसा मंजूर करते, त्याची गत हुबेहूब अशीच होत आली आहे. पैसा नाही असे नव्हे. पैसा आहे, संस्था आहेत, इमारती आहेत, पाट्या आहेत. नाही ती फक्त वेळ, आणि नाही तो शब्दाचा भरवसा.

ही भानगड काय आहे ती आधी सांगतो, कारण पुष्कळ घरांपर्यंत तिची नीट खबर पोचलेलीच नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी पुण्यास बार्टी ही संस्था आहे. मराठा व कुणबी समाजासाठी राजर्षी शाहू छत्रपतींच्या नावाने २०१८ साली पुण्यास सारथी निघाली. इतर मागासवर्ग, भटके व विमुक्त यांच्यासाठी २०१९ साली महात्मा फुले यांच्या नावाने नागपुरास महाज्योती निघाली. मुलगा वा मुलगी एम. ए., एम. एस्सी. होऊन पुढे पीएच. डी.च्या संशोधनास लागली की या संस्थांनी तिला दरमहा अधिछात्रवृत्ती द्यावयाची. तिचा दर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या धर्तीवर. आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून तो पहिल्या दोन वर्षांस दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये केला. रक्कम ऐकून कोणी डोळे विस्फारील. पण एवढे शिकलेले पोर चार-पाच वर्षे दुसरी मिळकत न करता ग्रंथालयात नाही तर प्रयोगशाळेत बसते, तेव्हा बापाच्या उसावर किंवा आईच्या शिलाईयंत्रावर ते किती दिवस जगेल?

आता कारभार पाहा. बार्टीच्या २०२१ सालच्या यादीतील ८६१ संशोधकांना आपला हक्क मागण्यासाठी २०२३ मध्ये मुंबईस आझाद मैदानात महिनोनमहिने बसून राहावे लागले. ज्यांनी त्या दिवसांत टिपणे काढावयाची, त्यांनी सतरंज्या अंथरल्या. अखेर सरकारने मान्य केले. मग जे शेवटी द्यावयाचेच होते, ते आरंभी देण्यास कोणाचा हात धरला होता? त्याच साली सरकारने सर्व संस्थांना समान धोरण लावले आणि सारथीच्या वाट्यास २०० जागा ठेवल्या. मुले आधीच विद्यापीठात नाव घालून, मार्गदर्शक मिळवून बसली होती. नियम मागाहून आला. खेळ चालू झाल्यावर रिंगण आखण्याची ही रीत कुस्तीच्या कोल्हापुरात तरी कोणी ऐकली नसेल.

मग परीक्षा निघाली. २४ डिसेंबर २०२३ रोजी तिन्ही संस्थांच्या उमेदवारांनी पेपर उघडला, तो २०१९ सालच्या सेट परीक्षेचा जुनाच पेपर! ती परीक्षा रद्द करून १० जानेवारी २०२४ रोजी दुसरी घेतली, तर प्रश्नपत्रिकांचे काही संच मोहरबंद नाहीत म्हणून विद्यार्थ्यांनी हरकत घेतली व बहिष्कार टाकला. पुढे बार्टीच्या २०२२ सालच्या ७६३ संशोधकांना निम्मीच वृत्ती देऊ असे ठरले. निम्म्या वृत्तीवर अर्धा प्रबंध लिहावयाचा की काय? त्यावरही पोरांना पुन्हा आंदोलन करावे लागले.

या सगळ्या गोंधळात डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आमच्या कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी सारथीच्या जागांचा प्रश्न काढला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलट विचारले की, ही मुले पीएच. डी. करून काय दिवे लावणार? बोलणारा कोण, कोणत्या पक्षाचा, याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. कारण हा प्रश्न एका माणसाचा नाही. शेतकऱ्याच्या पोराने शेवटची पायरी चढावयाची म्हटले की सरकारदरबारी तो कोणाच्या तरी तोंडून निघतोच. म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका महार सुभेदाराच्या मुलास अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची वृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या मुलाने कोलंबिया विद्यापीठात हिंदुस्थानातील प्रांतिक जमाखर्चाचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९२५ साली छापून निघाला तेव्हा त्याने तो सयाजीरावांसच अर्पण केला. पुढे रुपयाच्या प्रश्नावर त्याने दुसरा प्रबंध लिहिला आणि चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. हा मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर, हे सांगावयास नकोच. दिवे लावले ते असे!

आणि याच कथेत दुसरेही एक आहे, जे सभांतून कोणी सांगत नाही. वृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. तीन वर्षे गेली. मग स्वतःची शिल्लक, मित्राचे कर्ज आणि आमच्या शाहू छत्रपतींची मदत यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा विलायतेस गेले. एवढा लोखंडी निर्धाराचा पुरुष, तोही पैसा थांबल्यावर थांबला. मग राधानगरीच्या किंवा चंदगडच्या डोंगरातून आलेल्या, घरात पहिल्यानेच पदवी घेतलेल्या मुलीचे काय होत असेल? तिचा हप्ता आठ महिने आला नाही की मामा स्थळ घेऊन दारात उभा! प्रबंध राहतो कपाटात आणि मुलगी जाते सासरी. असले नुकसान कोणत्याही सरकारी अहवालात लिहिले जात नाही.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातीची वसतिगृहे उभी केली, तेव्हा त्यांनी नुसते आशीर्वाद दिले नाहीत. जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या. म्हणजे चालकाने दरसाल दरबारात येऊन पदर पसरावयाचे कारण उरले नाही. सारथी ही तर कंपनी कायद्याखाली नोंदलेली स्वायत्त संस्था. पण तिची स्वायत्तता राखा म्हणून छत्रपती संभाजीराजांना जानेवारी २०२० मध्ये पुण्यास उपोषणास बसावे लागले! जागा किती, परीक्षा घ्यावयाची की नाही, रक्कम पूर्ण की निम्मी, हे सारे मुंबईत ठरते. सारथी बिचारा रथावर बसून असतो. लगाम भलत्याच्याच हाती.

कोणी म्हणेल, पुष्कळ मुले नुसत्या वृत्तीसाठी नाव घालतात. घालत असतील. आम्ही त्यांची वकिली करीत नाही. जो दुसऱ्याचा प्रबंध उतरून काढतो त्याची वृत्ती खुशाल बंद करा, दर सहामाहीस त्याचे काम कडक नजरेने तपासा. परंतु चोर शोधावयाचा म्हणून साऱ्या गावाचे पाणी तोडणे याला तपासणी म्हणत नाहीत. संशोधकांसही आमचे एक सांगणे आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीने तिच्यासारखीच चप्पल मिलानच्या तमाशात मिरवली आणि इकडे एकच ओरड झाली. त्या चपलेचे कातडे कमावण्याचे, शिवण्याचे, तिच्या कारागिराच्या मजुरीचे शास्त्र लिहिणार कोण? गुऱ्हाळे का मोडत गेली ते कोण शोधणार? असे विषय घ्या, आणि प्रबंधाचा सारांश मराठीत छापून गावच्या चावडीवर आणा. पैसा ज्यांच्या करातून आला त्यांना तो वाचता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट आपसांतली. बार्टीला इतके मिळाले, सारथीला तितके, महाज्योती मागे राहिली, अशी मोजणी करून आपली पोरे एकमेकांवर घसरतात. त्या २४ डिसेंबरच्या जुन्या पेपराने मात्र तिघांनाही सारखेच फसविले होते!

सारथीचे पहिले उपकेंद्र २६ जून २०२१ रोजी, शाहू जयंतीच्या मुहूर्तावर, कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या आवारात उघडले. आमचे मागणे त्या दारापासून सुरू होते. तेथे बाहेर एक फळा टांगावा. यंदा जागा किती, अर्ज कधी, निवड कशाने, यादी कोणत्या तारखेस, आणि मागच्या यादीतील संशोधकांस शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा पोचला, हे त्यावर मराठीत लिहावे व दर महिन्यास पुसून नवे लिहावे. असाच फळा बार्टीच्या व महाज्योतीच्या दारांत असावा. एकदा जाहीर केलेला नियम त्या वर्षापुरता बदलू नये, आणि हप्ता महिन्याच्या महिन्यास बँकेत पडावा. याला नवा कायदा लागत नाही; खडू लागतो.

ज्या घरातील मुलामुलीचा हप्ता अडला असेल त्यांनी अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख व शेवटच्या हप्त्याची तारीख अशा तीन ओळी आम्हांस लिहून पाठवाव्यात. नाव छापणार नाही, तारखा छापू.