हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाला?

आमचं केम कुंकवाचं गाव. इथल्या कारखान्यांत भरलेलं कुंकू कुठकुठल्या देवळांपर्यंत जातं आणि ते भरणाऱ्या बायका संध्याकाळी तांबड्या हातांनी घरी परततात. त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या कपाळावर मात्र ते लागत नाही.

मी इथं आशा म्हणून काम करते. तिशीच्या पुढच्या माणसांचे आजारांचा धोका ओळखायचे सीबॅक फॉर्म भरताना तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-साखर, हे विचारून झालं की शेवटी मनाचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेना असं किती वेळा झालं? उदास, निराश किती वेळा वाटलं? बाप्ये हसून म्हणतात, "आशाताई, उदास व्हायला सवड कुठाय?" बायका आधी सून आत गेली का ते बघतात, मग बोलतात. नुकताच नवरा गेलेली बाई मात्र एवढंच म्हणते, "माझं काय विचारतीस, बाई."

कुंकवाची पाकिटं भरायला जाणाऱ्या एका मावशींनी नवरा गेल्यावर बीपीची गोळीच सोडून दिली होती. "कुणासाठी घ्यायची?" दवाखान्यात त्यांना सांगितलं, टेन्शन घेऊ नका, आनंदी राहा. सल्ला वाईट नाही, पण तो पाळायचा कशाच्या जोरावर? उमेद एकट्या माणसाला घरात बसून तयार करता येत नाही. ती चार माणसांच्या येण्याजाण्यातून येते, आणि आपल्याकडं नवरा गेला की बाईचं येणंजाणंच आधी बंद होतं. लग्नाला मागं उभं राहायचं, ओटीला पुढं यायचं नाही, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीभर हळदीकुंकू चाललेलं असताना घरात बसायचं. माणसांची गरज सगळ्यांत जास्त असते तेव्हाच आपण माणसं काढून घेतो.

जोडीदार गेल्यानंतरच्या काळात शरीरही खचतं. इंग्लंड-वेल्समधल्या ५५ वर्षांपुढच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ साली छापून आला. बायको गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्या वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. त्या पुरुषांचं कुणी काही पुसलं नव्हतं की फोडलं नव्हतं. आमच्याकडचा विधुर दहावं-तेरावं उरकलं की पारावर चहाला बसतो, चार लोक त्याला हाक मारतात. बाईला तेवढाही पार नाही.

कुंकू पुसायच्या, बांगड्या फोडायच्या या प्रथांविरुद्ध ठरवून आवाज उठवला तो आमच्याच करमाळा तालुक्यातल्या प्रमोद झिंजाडे यांनी. आपल्या मागं पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. आरोग्याच्या कार्यक्रमांच्या यादीत हा ठराव कुणी धरत नाही. मी धरते.

मावशींचं पुढं काय झालं ते सांगते. कारखान्यातल्या दोघीजणी कामाला जाताना त्यांना हाक मारून सोबत न्यायला लागल्या. गोळ्या संपल्या की त्याच त्यांना उपकेंद्रात घेऊन यायच्या. बीपी उतरलं. कुणी म्हणेल, हे तर गोळीचं काम. आहेच. पण गोळी घशाखाली जायला काही कारण लागतं, आणि ते कारण आमच्या औषधांच्या पेटीत मिळत नाही.

पुढच्या संक्रांतीला शेजारणीनं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. मावशी आल्या, तिळगूळ घेतला, वाण घेतलं, कुंकवाला मात्र मान हलवून नाही म्हणाल्या. तिथल्या एका तरुण मुलीला ते खटकलं, तिनं आग्रह धरला. मला तो आग्रह आवडला नाही. कुंकू लावायचं की नाही हे त्यांचं त्या ठरवतील. आपल्या हातात आहे ते बोलावणं. मावशी नंतर तासभर तिथंच बसल्या आणि कुणाच्या तरी सासूची नक्कल करून सगळ्यांना हसवत राहिल्या.

काही घरांतल्या म्हाताऱ्या अजून म्हणतात, अपशकुन होतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यातल्या कित्येकींनी स्वतः तीस-तीस वर्षं हेच सोसलंय.

ग्रामसभेत हा विषय निघावा आणि बायकांनी तिथं बसून बोलावं, असं मला वाटतं. पण ठराव झाला तरी दारात जाऊन "काकू, संध्याकाळी या" हे शेजारणीनंच म्हणायला हवं. मी गेले की बाई उठून दवाखान्याचं कार्ड शोधायला लागते.