केस कापू का, दादा?

"जय भीम दादा. परवा इंटरव्ह्यू आहे. केस कापू का?"

हैदराबादच्या आमच्या वसतिगृहात एका ज्युनिअरने रात्री अकराला दार वाजवून हे विचारलं. नांदेडकडचा पोरगा, घरातला पहिला पदवीधर. केस खांद्यापर्यंत आलेले, दोन वर्षं राखलेले. शर्ट माझा, बूट एकाचे, पट्टा दुसऱ्याचा असं सगळं जमलं होतं. केसांचंच तेवढं ठरत नव्हतं.

मी लगेच "काप" म्हणालो आणि नंतर मलाच ते खटकलं. त्याच मजल्यावरचा दिल्लीचा एक मुलगा, वडील प्राध्यापक, तेवढेच केस मागे बांधून आठवड्यापूर्वी त्याच कंपनीत जाऊन आला होता. पॅनेलने त्याला हसून विचारलं, "बँडमध्ये वाजवता का?" तेच केस सावळ्या चेहऱ्यावर आणि मराठवाडी हिंदीबरोबर आले की 'टपोरी' ठरतील, ही माझी भीती. ती मी त्याच्यावर लादली.

भीती अगदीच हवेतली नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही जात बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो, असं अधिकारी सांगत होते. आणि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' महत्त्वाची असते, असंही तेच सांगत होते. केसांचं असंच आहे. आधी माणूस वाचला जातो, मग त्याचे केस.

ज्युनिअरची आई मात्र वेगळ्याच कारणाने मागे लागली होती. "पोतराजावानी दिसतूस," ती फोनवर म्हणायची. ती कंपनीची बाजू घेत नव्हती. मरीआईच्या नावाने सोडलेल्या पोराने केस कापायचे नाहीत, अंगावर कोरडे ओढत दारोदार फिरायचं, हे तिने पाहिलेलं. आपल्या कितीतरी घरांत केस कापणं हीच सुटका होती. आणि कापायला गेलं तर गावातला न्हावी आपल्या आजोबांना हात लावायचा नाही (तो स्वतःही उतरंडीत खालचाच, हे वेगळं). वस्तीतच एकमेकांचे केस कापले जायचे. ज्या 'नीटनेटक्या कटिंग'ची आज मुलाखतीत अपेक्षा असते, ती आपल्याला नाकारलेली गोष्ट होती.

म्हणून केस कापणारा शरण गेला, असं मी म्हणणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत आणि दागिने बदलायला सांगितले, कारण त्यांवरून जात ओळखली जायची. वेश बदलणं हा डावपेच असू शकतो. पण तो डाव आपण ठरवलेला असावा, रात्री अकराला घाबरून नव्हे.

लष्करात, पोलिसात, हॉटेलच्या फ्रंट डेस्कला नियम स्पष्ट असतो. नोकरी हवी तर कापायचे, विषय संपला. अडचण आहे ती जिथे नियम नाही, नुसता 'प्रेझेंटेबल' हा शब्द आहे तिथे. तिथे प्लेसमेंट कक्षाला आधी ईमेल करून विचारा, ड्रेस कोड लेखी आहे का. नसेल आणि केस ठेवायचे असतील तर आदल्या दिवशी धुवा, मानेजवळ साध्या काळ्या रबराने घट्ट बांधा. तसेच बांधून मित्रांसमोर एक सराव मुलाखत द्या, म्हणजे हात सारखा केसांकडे जाणार नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क', गट 'ड' आणि अराजपत्रित गट 'ब'च्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. यूपीएससीत मात्र २०२५ पैकी २७५ गुण अजून त्या खोलीतच ठरतात. खासगीत तर बहुतेक सगळंच.

त्याने केस कापले नाहीत. बांधून गेला. केसांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वडील काय करतात, हे मात्र दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो "शेती" म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "दुसऱ्याच्या शेतात मजुरी." निकाल अजून यायचाय.