माजघरातल्या गप्पा : जुग्यंगचा धुतलेला चेहरा



पेरण्या उरकल्या. कोळपणी-खुरपणी अंगावर येईपर्यंत चार दिवस हाताला उसंत आहे, आणि त्या उसंतीत तुम्ही मला भरभरून पत्रे लिहिलीत. महिन्यापूर्वी याच जागी मी एक प्रश्न टाकला होता. मुली मोबाईलवर कोरिया देशातली 'ट्रू ब्यूटी' नावाची चित्रकथा वाचतात. ती तुमच्या घरात कोणी वाचते का, आणि तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटते? मला वाटले, पाच-सहा पत्रे येतील. आली त्यांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवावा लागला. सगळी छापणे शक्य नाही. नावे-गावेही मुद्दाम देत नाही, कारण काही मुलींनी घरी न सांगता लिहिले आहे.

ज्यांनी ही कथा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. आपल्या साप्ताहिकात 'क्रमशः' कादंबरी येते ना, तशी ही दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे 2018 साली सुरू झाली आणि 2023 साली संपली. मात्र ती कागदावर नव्हे. मोबाईलवर बोटाने वर सरकवत, उभ्या पट्टीसारखी वाचायची. या प्रकाराला कोरियात वेबटून म्हणतात. चित्रे काढणारी आणि लिहिणारी बाईच आहे, याओंगी या टोपणनावाने लिहिते. त्या शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या मनीमाऊसारखा. कथेच्या मूळ कोरियन नावाचा अर्थ मात्र 'देवी अवतरली' असा आहे.

तर ही देवी म्हणजे जुग्यंग नावाची शाळकरी मुलगी. चेहऱ्यावर मुरुमे, डोळ्यांवर जाड चष्मा. दिसण्यावरून शाळेत मुले-मुली तिचा छळ करतात. ती व्हिडिओ पाहून मेकअप शिकते आणि नव्या शाळेत जाते. तिथे सारी शाळा तिला देवी म्हणू लागते. पण घरी येऊन तोंड धुतले की पुन्हा जुनीच जुग्यंग. तो धुतलेला चेहरा शाळेतल्या कोणी पाहू नये, या धास्तीवर सगळी कथा चालते. सुहो नावाचा हुशार, अबोल मुलगा तिला चित्रकथांच्या दुकानात बिनमेकअपची पाहतो. दोघांनाही भुताखेतांच्या गोष्टींचे वेड, तिथून ओळख वाढते. दुसरा सोजून, वरून दांडगट आणि आतून मऊ. हे दोघे मुलगे एके काळचे जिवलग, पण तिसऱ्या मित्राच्या मरणाने त्यांच्यात दरी पडलेली. 2020 च्या डिसेंबरात तिकडच्या दूरदर्शनवर या कथेची सोळा भागांची मालिकाही निघाली.

आता पत्रांकडे वळू.

मुलींची निम्मी पत्रे एकाच भांडणाची आहेत. सुहो की सोजून? हे भांडण आपल्याच मुलींचे आहे असे समजू नका. जगभरच्या वाचकांत यावरून दोन तट पडले होते. बारावीतली एक लिहिते, "सुहोने तिला धुतल्या चेहऱ्याने ओळखले आणि तरी तिची थट्टा केली नाही, म्हणून तोच खरा." तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीने त्याच पाकिटात आपली चिठ्ठी घातली आहे. "ओळखणे सोपे असते. सोजून रोज तिच्या बाजूने उभा राहिला. उभे राहणे कठीण." शाळा संपल्यावर जुग्यंग काही काळ सोजूनबरोबर असते आणि शेवटी सुहोकडे येते, त्यामुळे सोजूनच्या बाजूच्या मुली लेखिकेवर अजून रागावलेल्या आहेत. शेवट सांगून टाकला, ज्यांचे वाचन चालू आहे त्यांनी माफ करावे. कथा शाळेबाहेर गेल्यावर फार ताणली, अशीही तक्रार बऱ्याच जणींची आहे. नातीकडून कथा ऐकून एका आजींनी लिहून पाठवले आहे, "दोन्ही पोरगे ऱ्हाऊ द्या बाजूला. पोर काय काम करती ते सांगा." आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. जुग्यंग मेकअपचेच शिक्षण घेते आणि त्यावर स्वतःच्या पायावर उभी राहते.

याच मुद्द्यावर एका मुलीचे पत्र मला आवडले. ती तालुक्याला जाऊन पार्लरचे काम शिकते. लग्नसराईत नवऱ्या मुलींना सजवून चार पैसे मिळवते. ती म्हणते, "लोक जुग्यंगला खोटारडी म्हणतात. रांगोळी काढली म्हणून अंगण खोटे होते का? तिच्या हातात कला आहे आणि ती घाम गाळून शिकली आहे."

पण अकरावीतल्या एका मुलीने उलट बाजू मांडली आहे, आणि तिला उत्तर देणे सोपे नाही. "ताई, कथा सांगते की दिसण्यावर जाऊ नका. पण तिने रंग लावला त्याच दिवशी तिला मैत्रिणी मिळाल्या, मान मिळाला, दोन मुलगे मागे लागले. न लावता तिला काय मिळाले? मार. मग मी यातून काय शिकायचे?" मालिकेबद्दल ती पुढे लिहिते, "नटी मुळातच देखणी. तिच्या गालावर चार डाग काढले आणि आम्हाला सांगितले की ही कुरूप. मग आम्ही कोण?"

आयांची पत्रे बहुतेक एका सुरातली आहेत. मोबाईल काढून घ्या, परदेशी खूळ आहे, अभ्यास बुडतो. एक वडील लिहितात की पुढचे भाग लवकर वाचायला पैसे पडतात, हे त्यांना खात्यातून रक्कम गेल्यावर कळले. ही तक्रार रास्त आहे. मुलींनो, बापाच्या मोबाईलवरून न विचारता पैसे भरणे ही चोरीच झाली.

खूळ परदेशी, हे मात्र मला पटले नाही. कोरियात नोकरीच्या अर्जाला फोटो चिकटवण्याची चाल जुनी आहे. गुणांबरोबर चेहराही पाहिला जातो, ही तिथल्या तरुणांची कायमची तक्रार. 2017 साली तिथल्या सरकारने सरकारी नोकरभरतीच्या अर्जातून फोटो काढून टाकायला लावला. ही चित्रकथा सुरू झाली त्याच 2018 साली तिथल्या कितीतरी तरुणींनी आपली लाली-पावडर फोडून-मोडून टाकली, केस बारीक कापले आणि 'कॉर्सेट सोडा' अशी हाक दिली. कॉर्सेट म्हणजे पूर्वी युरोपातल्या बायका कंबर बारीक दिसावी म्हणून आवळून बांधत ती चोळी. म्हणजे चेहरा रंगवून देवी होणारी जुग्यंग आणि डब्या फोडणाऱ्या पोरी, एकाच देशातल्या आणि एकाच वर्षातल्या. तिकडेही हा वाद मिटलेला नाही.

आणि आपल्याकडे काय आहे? नोकरीच्या अर्जाचे राहू द्या, लग्नाच्या माहितीपत्राचे बोला. शिक्षण, उंची, शेती किती, आणि त्याच रांगेत रंग. माझ्या धाकट्या लेकीचे माहितीपत्र मी स्वतः लिहिले. ती सावळी. मी लिहिले 'निमगोरी'. तिने वाचले आणि काही बोलली नाही. पाहुणे येऊन गेले, त्या रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, खोटं लिहायचंच होतं तर शिक्षणाचं लिहायचंस. रंग तर त्यांना दारातच दिसला." त्याला बरीच वर्षे झाली. तिचे सगळे चांगले आहे. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलेले नाही. डाळिंबाच्या क्रेटमध्ये वरच्या थराला निवडक फळे लावणाऱ्याला आपण नावे ठेवतो. मी माझ्या लेकीचे तेच केले होते, आणि तेव्हा आमच्या घरात कोरियाची चित्रकथा नव्हती.

आता शेवटचे पत्र. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले आहे. मुलगी नववीत आहे.

"ताई, मी सावळी आहे. सुट्टीत कांदे काढायला गेले की अजून रापते. शाळेच्या फोटोच्या दिवशी पोट दुखते सांगून घरी राहिले. आईला कळले. तिने आठवड्याच्या बाजारातून क्रीमची डबी आणली. वर कंपनीचे नाव नव्हते. महिनाभरात चेहरा उजळला, सगळे चांगले म्हणाले. मग डबी संपली. आता चेहरा लाल होतो, उन्हात आग होते, कधी नव्हते ते बारीक पुरळ आले आहे. आई म्हणते दुसरी डबी आणू. जुग्यंगला तोंड धुतल्यावर निदान तिचाच चेहरा परत मिळतो. मला माझा मिळत नाही."

बाळ, तुझे पत्र मी तीनदा वाचले. दुसरी डबी आणू नका. अशा बिननावाच्या डब्यांत पुष्कळदा स्टेरॉइड नावाचे औषध मिसळलेले असते. ते मुळात त्वचेच्या रोगासाठी, डॉक्टरने सांगितलेल्या दिवसांपुरते लावायचे असते. गोरे होण्यासाठी रोज चोपडले तर आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो, मग कातडी पातळ होते. लावायचे थांबवले की लाली, आग आणि पुरळ उठतात. त्याला भिऊन माणूस पुन्हा लावतो आणि अडकतो. तुझे तसेच झाले असावे, पण पत्रावरून मी खात्रीने सांगू शकत नाही. आईला घेऊन सरकारी रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि रिकामी डबी सोबत ने. फेकली नसशील तर फेकू नकोस. लाजू नकोस. असे चेहरे त्यांच्याकडे रोज येतात.

आयांनो, हे तुमच्यासाठी. काही क्रीममध्ये पाराही सापडला आहे. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला आपल्या देशात मनाई आहे, तरी चोरून घालतात. तो कातडीतून अंगात भिनतो आणि मूत्रपिंडावर जातो. केरळातल्या डॉक्टरांनी 2023 साली असे बरेच रुग्ण पाहिले, आपल्या विदर्भातही असे घडले आहे. गोरेपणाची क्रीम लावणारीच्या लघवीला फेस येऊ लागला, चेहरा किंवा पाय सुजले, तर एक दिवसही थांबू नका. डबीवर बनवणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख नसेल तर ती घरात आणू नका. पिकावर बिनलेबलचे औषध मारायला आपण दहा वेळा विचार करतो. लेकीच्या गालाला तेवढा तरी विचार द्या.

चित्रकथा वाचू द्यावी की नाही, असे बऱ्याच जणींनी विचारले आहे. माझे मत विचाराल तर एक दिवस जेवणे झाल्यावर लेकीला म्हणा, मलाही दाखव ती गोष्ट. शेजारी बसा. मालिकेत एक प्रसंग आहे. जुग्यंगचा धुतलेला चेहरा कोणीतरी दुष्टपणाने साऱ्या शाळेत पसरवते. ती काही दिवस घरात तोंड लपवून बसते आणि एके दिवशी तशीच, काही न लावता शाळेत जाते. तिथे आलात की लेकीला विचारा, तुझ्यावर अशी वेळ आली तर आधी कोणाला सांगशील? तिने तुमचे नाव घेतले तर मोबाईलची काळजी निम्मी कमी झाली समजा. नाही घेतले, तर मोबाईल काढून घेऊन ते नाव येणार नाही.

अकरावीतल्या मुलीला एवढेच सांगते. तू विचारलेस ते कथेने नीट सोडवलेले नाही, तुझे बरोबर आहे. वाचताना असा प्रश्न पडतो आहे तोवर वाच.

नववीतल्या बाळा, डॉक्टरांकडे जाऊन आलीस की एक ओळ लिही. आणि पुढच्या फोटोला उभी राहा. मागच्या रांगेत राहिलीस तरी चालेल.

पुढच्या खेपेचा प्रश्न घरातल्या मोठ्यांना आहे. तुमच्या मुलीच्या माहितीपत्रात रंगाची ओळ आहे का? आणि ती लिहिताना तिला विचारले होते का? खरे लिहा. नावे छापणार नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
माजघरातली ताई